दोन टिंबांचा मुक्काम

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे एक गृहस्थ होते. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेली. सगळे त्यांना काका म्हणत. मी लिहिलेलं बिल डाउनलोड करायचं पान एका शुक्रवारी दुपारी चालू झालं आणि चारचा चहा यायच्या आत काकांनी मला टेबलापाशी बोलावलं. "पान झकास चालतंय रे तुझं," ते म्हणाले. "बिलं देतं. मागितलं तर बाकीचंही देतं." त्यांच्या स्क्रीनवर कुणाचं बिल नव्हतं. आमच्या सर्व्हरवर ज्यांची ज्यांची खाती होती त्यांची यादी होती, एकाखाली एक.

काकांनी कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत 'फाइल=जून.पीडीएफ' असं होतं, तिथलं नाव खोडून त्यांनी दुसरं टाइप केलं होतं. त्या नावाच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ होती, आणि तेच पुन्हा पुन्हा: ../../../../ असं. "किती वेळा टाकलंत?" मी विचारलं. "मोजलं नाही," काका म्हणाले. "मोजावं लागत नाही."

ते का मोजावं लागत नाही, इथूनच सुरुवात करतो. संगणकावर फाइली एका झाडासारख्या मांडलेल्या असतात: मुळाशी एक फोल्डर, त्याच्या पोटात फोल्डर, त्यांच्याही पोटात फोल्डर. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रांवर प्रत्येक फोल्डरात न मागता आलेल्या दोन नोंदी असतात. एका टिंबाची नोंद म्हणजे 'हेच फोल्डर'. दोन टिंबांची म्हणजे 'ज्याच्या पोटात हे आहे ते'. दोन टिंबं लिहिली की एक पायरी वर. आणि सगळ्यात वरच्या फोल्डराच्या वर काहीच नसल्यामुळे तिथली दोन टिंबं त्याच फोल्डराकडे बोट दाखवतात. म्हणजे चार पायऱ्या असताना दहा वेळा 'वर' म्हटलं तरी माणूस माथ्यावरच उभा राहतो, पडत नाही, अडत नाही. हल्लेखोराला तुमच्या घराचे मजले ठाऊक असण्याची गरज नाही ती यामुळे.

माझा कोड तर अगदी सरळ होता. बिलं '/साठा/बिलं/' या फोल्डरात होती. पाहुण्याने दिलेलं नाव त्याला जोडायचं, जी फाइल होईल ती उघडायची, आणि पाठवून द्यायची. सुरुवात मी ठरवलेली आहे म्हणजे शेवटही माझ्या हद्दीतच होणार, असं मी धरून चाललो होतो. या दुखण्याला पाथ ट्रॅव्हर्सल म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी हे एवढंच गृहीतक असतं.

एका वाड्याचा दृष्टांत देतो. मालकाने गड्याला सांगून ठेवलंय: तळघरात जा, आणि पाहुणा म्हणेल ती वस्तू तिथून आणून दे. पाहुणा म्हणाला, "एक जिना वर, डाव्या हाताला देवघर, तिथलं चांदीचं ताम्हन." गडी तळघरात गेला, तिथून एक जिना वर आला, डावीकडे वळला आणि ताम्हन घेऊन आला. गड्याने आज्ञा मोडली का? नाही. तो तळघरातूनच निघाला होता. मालकाच्या मनात 'तळघरातून' म्हणजे 'तळघरातलंच' होतं. गड्याच्या लेखी 'तळघरापासून सुरू करून' होतं. ऑपरेटिंग सिस्टिम या गड्यासारखी असते. तिला तुमच्या मनातली हद्द कळत नाही, तिला रस्ता कळतो.

(काकांनी नेमकी ती यादीच का उघडली, असं कुणी विचारेल. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ती एकाच ठरलेल्या जागी असते आणि कुणालाही वाचता येते. हल्ली तिच्यात पासवर्ड नसतात, ते वेगळ्या, जास्त बंदोबस्तातल्या फाइलीत असतात. 'मी आत आलो' एवढं सिद्ध करायला मात्र ती सोयीची. खरा चोर तिच्यावर थांबत नाही. तो डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली कॉन्फिगरेशनची फाइल शोधतो.)

मी जागेवर आलो आणि दहा मिनिटांत दुरुस्ती केली. पाहुण्याच्या नावात '../' दिसलं की ते पुसून टाकायचं. एक ओळ. पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी टाइप केलं: चार टिंबं आणि दोन तिरक्या रेघा. '....//'. माझ्या ओळीने त्यात मधोमध बसलेलं '../' शोधलं आणि इमानदारीने पुसलं. उरलं काय? पुढची दोन टिंबं आणि मागची एक रेघ. '../'. जे पुसायचं तेच माझ्या कोडने स्वतःच्या हाताने जुळवून दिलं होतं. यादी पुन्हा स्क्रीनवर.

यावर पहिला विचार जो येतो तोच मलाही आला: मग संपेपर्यंत पुसत राहू, किंवा दोन टिंबं दिसली की सरळ नकार देऊ. वाड्यात सांगायचं तर पाहुण्याच्या तोंडी 'वर' हा शब्द आला की त्याला हाकलायचं. मग पाहुणा 'माडीकडे' म्हणतो. 'माडी'वर बंदी घातली तर 'छताच्या दिशेने' म्हणतो. एकाच जागेची नावं किती असू शकतात याला अंत नसतो, आणि तुम्ही ज्या नावांची यादी केली नाही त्यातलं एक त्याला पुरतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या लेखाची लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की नावाच्या जागी टक्क्यांची लांबलचक माळ उमटते. एकट्या 'म'चं '%ई०%ए४%एई' होतं (रोमन अक्षरं इथे नागरीत लिहितोय). वेबच्या पत्त्यात जी अक्षरं थेट चालत नाहीत ती अशी टक्क्याच्या मागे आकड्यांत लिहायची सोय आहे. पण ही सोय चालणाऱ्या अक्षरांनाही मिळते. टिंब '%२ई' असंही लिहिता येतं, तिरकी रेघ '%२एफ' अशीही. माझ्या ओळीला '%२ई%२ई%२एफ' मध्ये एकही टिंब दिसणार नाही. पुढे कुणीतरी ते उलगडलं की मात्र टिंबंच.

आणि आपला 'ऱ' घ्या. 'दुसऱ्या' या शब्दातला. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साध्या 'र'खाली नुक्ता देऊनही. तिसरा मार्ग म्हणजे 'र', हलंत, आणि मागून एक न दिसणारं जोडचिन्ह. तिन्ही 'दुसऱ्या' पडद्यावर सारखेच दिसतात, आत बाइट वेगवेगळे. मराठी मजकुराची फाइल हाताळणाऱ्याने हा अनुभव घेतलेला असतो: शब्द डोळ्यांसमोर आहे आणि 'शोधा' म्हटलं की संगणक म्हणतो, सापडत नाही. शोधणारा बाइट जुळवत असतो आणि वाचणारा अर्थ. माझी '../' पुसणारी ओळही बाइटच जुळवत होती. फाइल उघडणारी यंत्रणा अर्थ वाचत होती.

या फटीतून फार मोठी माणसं पडलेली आहेत. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये असंच भोक निघालं. दोन टिंबं आणि रेघ अडवायची तपासणी त्यात होतीच. पण यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत तिरकी रेघ एका बाइटमध्ये मावते, आणि तीच उगाच ताणून दोन बाइटमध्ये लिहिली तर तपासणाऱ्याला ती रेघ वाटत नव्हती, नंतर उलगडणाऱ्याला वाटत होती. पाच हा आकडा शून्य-पाच असा लिहून पहारेकऱ्याला चकवावं, तसं. एवढ्याने बाहेरचा माणूस वेबच्या फोल्डरातून वर चढून विंडोजचा कमांड चालवणारा प्रोग्रॅमच गाठू शकत होता. मे २००१ मध्ये त्याच सर्व्हरमध्ये आणखी एक भोक सापडलं: तपासणी एकदा उलगडून झाल्यावर व्हायची आणि त्यानंतर नाव पुन्हा एकदा उलगडलं जायचं. १८ सप्टेंबर २००१ ला निम्डा नावाचा वर्म पसरला, त्याच्या आत शिरायच्या अनेक वाटांमध्ये या दोन्ही होत्या. पॅच दोन्हींवर आधीच निघालेले होते. ते लावलेले नव्हते, ही वेगळी आणि जुनी रड आहे. २००३ मध्ये यूटीएफ-८चं मानक पुन्हा लिहिलं गेलं तेव्हा त्यात अशी ताणलेली रूपं बेकायदा ठरवली गेली, आणि २००१ मध्ये वेब सर्व्हरांवर पसरलेल्या त्या उपद्रवाचा नाव न घेता उल्लेखही केला गेला.

तर एवढ्या लांबवर आल्यावर मूळ मुद्दा सांगतो. आपण पत्र लिहिताना 'मु. पो.' लिहितो. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक. पत्त्यात बाकी काहीही लिहा, 'वडाच्या झाडापासून पुढे, गिरणीच्या मागे', पोस्टमनचं काम मुक्कामाशी. पाथ हा वडाच्या झाडापासूनचा मजकूर आहे. तो कसा दिसतो हे तपासून काही कळत नाही. तो कुठे पोचतो हे आधी काढायचं आणि मग पोचलेली जागा हद्दीत आहे का ते पाहायचं. वाड्यात पाहुण्याचे शब्द ऐकत बसायचं नाही. गड्याने वस्तूला हात घालायच्या क्षणी त्याला विचारायचं, "आत्ता तू कुठे उभा आहेस?" तळघरात असशील तर उचल. नसशील तर तसाच परत ये.

ऐकायला हे इतकं सोपं आहे की कुणी चुकेल असं वाटत नाही. म्हणून अपाचेची गोष्ट जरा सावकाश सांगतो. अपाचेचा वेब सर्व्हर म्हणजे काही माझ्या शुक्रवारच्या पानासारखा नवशिका कोड नव्हे. १९९५ पासून जगभर चाललेला, हजारो डोळ्यांखालून गेलेला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची २.४.४९ ही आवृत्ती आली. तिच्यात पाथ सरळ करणारा भाग नव्याने लिहिला होता. हा भाग नावातून डावीकडून उजवीकडे चालत जाई आणि चालता चालता टक्क्यांची अक्षरं उलगडत जाई. रेघेनंतर टिंब लागलं की तो पुढच्या अक्षराकडे पाही: तेही टिंब आहे का? असेल तर ही 'वर जा'ची खूण, तिचा हिशोब लावायचा. आता कुणी '.%२ई/' असं लिहिलं. पहिलं टिंब उघडं आहे. पुढे पाहिलं तर टक्का. टक्का म्हणजे टिंब नव्हे, म्हणून गाडी पुढे सरकली. पुढच्या पावलाला तोच टक्का उलगडून टिंब झाला. पण 'दोन टिंबं आहेत का' हा प्रश्न विचारून झालेला होता, आणि तो परत कुणी विचारला नाही.

एका पावलाचा फरक. तपासायच्या वेळी जे नाव होतं ते उघडायच्या वेळी राहिलं नव्हतं.

४ ऑक्टोबरला २.४.५० आली, दुरुस्तीसह. आणि तीन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ काढावी लागली. का? दुरुस्तीने टक्क्यात लपलेलं टिंब ओळखायला सुरुवात केली, पण टक्क्यात लपलेला टक्का राहून गेला. '%%३२%६५' लिहा. '%३२' म्हणजे '२', '%६५' म्हणजे 'ई'. एकदा उलगडलं की '%२ई' होतं, आणखी एकदा उलगडलं की टिंब. २००१ सालचंच दोनदा उलगडण्याचं भूत, वीस वर्षांनी दुसऱ्या घरात. काकांच्या चार टिंबांनाही मी याच कुळातलं मानतो: पहिली दुरुस्ती बहुतेक वेळा आलेल्या हल्ल्याच्या चेहऱ्यावर केली जाते.

या प्रकरणातली एक गोष्ट मला फार आवडते. अपाचेबरोबर जे मूळ कॉन्फिगरेशन येतं त्यात झाडाच्या मुळापासून सगळ्याला 'मनाई' लिहिलेली असते, आणि वेबचं फोल्डर तेवढं उघडं केलेलं असतं. ज्यांनी ती ओळ ठेवली होती त्यांच्या सर्व्हरवर टिंबं वर चढली खरी, पण वरच्या फाइली मिळाल्या नाहीत, कारण ती मनाई पोचलेल्या जागेवर लागू होते, नावावर नाही. ज्यांनी कधीतरी कंटाळून ती काढून टाकली होती त्यांच्या फाइली वाचल्या गेल्या, आणि ज्यांच्याकडे सीजीआय, म्हणजे वेबवरून सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवायची सोयही चालू होती त्यांच्याकडे बाहेरच्याला थेट आज्ञा चालवता आल्या.

आता माझ्या पानाकडे परत. काकांनी मला शेजारी बसवून तिसरी दुरुस्ती करून घेतली. आधी नाव पूर्ण उलगडायचं, एकदाच, आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. मग ते फोल्डराला जोडून ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारायचं की याचा खरा, टिंबं-बिंबं नसलेला पाथ काय. यासाठी बहुतेक भाषांमध्ये 'रिअलपाथ' किंवा तशा नावाचं तयार फंक्शन असतं. उत्तर '/साठा/बिलं' ने सुरू होत असेल तरच फाइल उघडायची.

मी तसं लिहिलं. काकांनी चष्मा वर केला. "तिथे शेजारी आणखी एक फोल्डर आहे ना?" होतं. '/साठा/बिलं-जुनी'. तेही '/साठा/बिलं' नेच सुरू होतं. शेवटची तिरकी रेघ धरून तुलना करायला हवी होती, '/साठा/बिलं/' अशी. एका रेघेची चूक, आणि ही मी नंतर दुसऱ्यांच्या कोडमध्ये इतक्या वेळा पाहिलीय की कोड रिव्ह्यूला बसलो की आधी तीच शोधतो. दुसरी तितकीच ठरलेली: पायथनसारख्या भाषांमध्ये पाथ जोडणाऱ्या फंक्शनला मागून तिरक्या रेघेने सुरू होणारं नाव दिलं तर ते आधीचं फोल्डर निमूटपणे टाकून देतं आणि नवं नावच धरतं. टिंबांची गरजच पडत नाही. विंडोजवर उलटी रेघही चालते आणि ड्राइव्हचं अक्षरही, तो आणखी एक संसार.

सिमलिंकचं मात्र नीट सांगायला हवं. सिमलिंक म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी फाइल. नाव तळघरातलं, वस्तू देवघरातली. नुसती टिंबं हिशोबातून काढून पाथ सरळ केला तर हे कळत नाही. सिस्टिमला विचारलं तर कळतं, कारण ती प्रत्यक्ष चालून पाहते. पण इथेही एक बारीक फट उरते. विचारल्यानंतर आणि उघडायच्या आधी, त्या निमिषात, कुणी खऱ्या फाइलीच्या जागी सिमलिंक ठेवली तर? तपासलं एक, उघडलं दुसरं. सर्व्हरवर ज्याला फाइली ठेवता येतात त्याला हे जमू शकतं. याला इलाज एकच, तपासणं आणि उघडणं ही दोन कामं न ठेवता एकच करायची. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत तशी सोय आली: 'या फोल्डरापासून निघ, आणि वाटेत कुठेही त्याच्या बाहेर पाऊल पडलं तर उघडूच नकोस' असं कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच सांगता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.२४ आवृत्तीत हेच भाषेच्या अंगात आलं. म्हणजे मालकाच्या मनातला 'तळघरातून'चा अर्थ अखेर गड्याला शिकवता येऊ लागला. काकांच्या वेळी हे नव्हतं.

नाव पत्त्याच्या पट्टीतूनच येतं असंही नाही. झिप फाइलीच्या आत प्रत्येक फाइलीचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्या नावातही दोन टिंबं असू शकतात. झिप उलगडणाऱ्याने विश्वास ठेवला की फाइल भलत्याच फोल्डरात जाऊन बसते. इथे तर वाचणं नव्हे, लिहिणं होतं, म्हणजे जास्त वाईट. जून २०१८ मध्ये स्निक या कंपनीने 'झिप स्लिप' या नावाने हे जाहीर केलं तेव्हा कित्येक लायब्रऱ्या त्यात सापडल्या. पायथनच्या टार उलगडणाऱ्या भागातला हाच दोष २००७ मध्ये नोंदला गेला होता. २०२२ मध्ये त्याची पुन्हा ओरड झाली, तोवर तो जागच्या जागी होता. पायथनवाल्यांचं तोवरचं म्हणणं असं होतं की डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा दिलाय. इशारा वाचून कोड लिहिणारा माणूस मी अजून पाहायचाय.

संध्याकाळी सातच्या सुमाराला काका उठले, डबा पिशवीत टाकला आणि जाता जाता म्हणाले, "पण मला सांग, पाहुण्याला फाइलचं नाव विचारतोसच कशाला?"

मी पाहत राहिलो. खरंच, कशाला? कुठल्या बिलाची फाइल कुठे आहे हे आमच्या डेटाबेसला माहीत होतं. पाहुण्याने बिलाचा नंबर द्यावा, पाथ आमचा आम्ही काढावा. नंबर म्हणजे नुसते आकडे. त्यात टिंब नाही, रेघ नाही, टक्का नाही, आकड्यांशिवाय काही आलं तर दारातूनच परत. पाहुण्याला वाट सांगायचा अधिकारच नाही, त्याने फळीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक सांगायचा. तिन्ही दुरुस्त्या मी खोडल्या, पत्त्यातलं 'फाइल=जून.पीडीएफ' काढलं, 'बिल=१०४१' केलं आणि त्या रात्री निवांत झोपलो.

सोमवारी सकाळी काकांनी पुन्हा बोलावलं. स्क्रीनवर एक बिल होतं, नीट, पूर्ण, पीडीएफमध्ये. "हे १०४२," ते म्हणाले. "माझं नाहीये."